जिनिंगच्या आवारातली मोकळी जागा

मागच्या महिन्यात एका खासगी सल्लागाराने जालन्याच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांच्या, पट्ट्यासाठी तयार केलेला आराखडा मला पाहायला मिळाला. नकाशावर कारखान्यांची सगळी आवारे फिकट पिवळ्या रंगात दाखवलेली होती आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘रिकामी जागा’ असे लिहिलेले होते. त्यांपैकी एका आवारात माझ्या वडिलांनी फिटर म्हणून बावीस हंगाम काढले, म्हणून ते दोन शब्द मला लागले, हे कबूल करतो. पण माझा आक्षेप केवळ भावनेचा नाही. ती जागा मोकळी आहे, रिकामी नाही, आणि हा फरक लक्षात न घेता तिथे काहीही उभे केले तर शहराचे नुकसान होईल, असे मला वाटते.

जालन्याचा कापूस रेल्वेच्या आधीपासून प्रसिद्ध होता, परंतु 1900 मध्ये हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाईन सुरू झाली आणि गावाचा नूर पालटला. त्या काळच्या गॅझेटियरमध्ये एकट्या जालन्यात सरकी काढण्याचे 9 कारखाने आणि गाठी बांधण्याच्या 5 प्रेस असल्याची नोंद आहे. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि 1901 मध्ये या जिल्ह्यातील जिनिंग आणि प्रेसवर 1,016 माणसे कामाला होती. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे अजूनही अभिमानाने सांगितली जाते. माझ्या समजुतीप्रमाणे त्या पाळण्याला झोका देणारे हात बहुतांशी या आवारांतले होते.

ही आवारे एवढी ऐसपैस का बांधली गेली, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे पुढे काय करायचे ते ठरवता येणार नाही. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते आणि उरलेल्यात बहुतेक सरकी असते. म्हणजे जेवढी रुई गाठीत बांधून बाहेर जाते, तिच्या तिप्पट वजनाचा माल आधी आवारात येऊन पडतो, आणि तोही फुगलेला, सुटा, घराएवढ्या उंचीच्या गंज्यांमध्ये रचलेला. त्या कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा राहिला आणि तो रेच्यात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, सापडला तर ठिणगी पडते, आणि कापसाला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसत राहते. म्हणून दोन गंज्यांमध्ये अंतर सोडायचे, गोदाम रेच्यांच्या शेडपासून दूर ठेवायचे, आणि आवारात विहीर व पाण्याचा भरलेला हौद कायम ठेवायचा, ही पद्धत होती. आज नकाशावर जे रिकामे दिसते, ते आगीच्या भीतीने जाणीवपूर्वक राखलेले अंतर आहे.

वडिलांचे काम मी लहानपणी तासन्‌तास पाहिलेले आहे. रेच्याचा रोलर म्हणजे शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेल्या चामड्याच्या चकत्या, आणि त्यांवर तिरप्या पाडलेल्या चऱ्या. या चऱ्या झिजल्या की रोलर रुईचे तंतू धरत नाही, रोलरला टेकलेल्या सुरीपाशी कापूस घोटाळतो आणि सरकीला रुई चिकटून राहते. वडील रोलरवर तळहात टेकवून तो किती तापला आहे ते पाहत आणि त्यावरून सुरीचा दाब कमी-जास्त करत. रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर बांधलेला असे, तरी संध्याकाळी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. त्यांतल्या कित्येक जणी पुढे आयुष्यभर खोकत राहिल्या, हेही इथे सांगितले पाहिजे. मी या कारखान्यांचे गुणगान करायला बसलेलो नाही.

हा पट्टा ओस कसा पडला, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खरेदी सरकारी यंत्रणेकडे गेली. खासगी जिनिंगवाले मजुरीवर रुई काढून देणारे झाले. ज्याचा माल स्वतःचा नाही, तो यंत्रावर पैसा कशाला घालणार? पुढे 2000 मध्ये केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झाले. त्यातून जिनिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली, ती आवश्यकच होती, परंतु पक्क्या फरशीचे अंगण, कापूस हाताळणारी यंत्रणा आणि एकाच ठिकाणी प्रेस अशी नवी मांडणी जुन्या शेडमध्ये बसवण्यापेक्षा महामार्गालगत नवा कारखाना उभारणे मालकांना परवडले. ट्रक मोठे झाले, गावातले रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचेच राहिले. त्यात मालकांच्या तिसऱ्या पिढीत वारस वाढले आणि वाटणीचे दावे सुरू झाले. एकेका सातबाऱ्यावर आज पंधरा-वीस नावे आहेत.

तरीही या आवारांत आज कोणी नाही, असे म्हणता येत नाही. मी गेल्या तीन रविवारी वही घेऊन एका आवारात फिरलो. जुन्या सरकी-गोदामात पत्र्याच्या धान्यकोठ्या तयार करणारे दोन भाऊ आहेत. शेजारी गाद्या भरण्याचे दुकान, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणारा कारखाना, पाणी ओढण्याच्या जळालेल्या मोटारींची गुंडाळी नव्याने भरून देणारा कारागीर आणि भंगाराची तीन गोदामे आहेत. मागच्या बाजूला कामगारांच्या खोल्यांची रांग आहे. तिथे राहणाऱ्या, एकेकाळी रेच्यावर काम केलेल्या मावशींना मी विचारले की मोजणीला कोणी आले होते का. त्या म्हणाल्या, “आले होते की, लेकरा. टेप लावून भिंती मोजल्या, लिंबाची झाडंबी मोजली. माणसं नाही मोजली.” मी वहीत त्यांच्या रांगेतल्या खोल्या लिहून घेतल्या. एकोणीस भरल्या, त्यातल्या अकरा घरांत निदान एक माणूस याच आवारातल्या कुठल्या ना कुठल्या कामावर जातो.

माझी खरी भीती मोठ्या प्रकल्पाची नसून तुकड्यांची आहे. वारसांपैकी एकजण आपला हिस्सा विकतो, तिथे चुन्याच्या रेषा पडतात, गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट निघतात, रस्ता कसाबसा वीस फुटांचा राहतो आणि बागेसाठी किंवा शाळेसाठी एक फूटही सुटत नाही. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी 2001 मध्ये राज्याला गुंठेवारीचा कायदा करावा लागला, यावरूनच मराठवाड्यातील शहरांना या वाटेची किती सवय लागली आहे ते समजते.

मुंबईचा अनुभवही समोर आहे. तिथल्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळणार होता. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. शहराच्या वाट्याला येणारी जमीन एका शब्दाच्या व्याख्येने आटली. म्हणूनच नकाशावर ‘रिकामी’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न मला शब्दच्छल वाटत नाही.

या पट्ट्यासाठी योग्य साधन आपल्या कायद्यात आधीपासून आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात नगररचना योजनेची तरतूद आहे. तीत सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरल्या जातात, रस्ते, मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयी आधी काढल्या जातात, आणि मग प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्त्याला लागलेला, म्हणून अधिक मोलाचा अंतिम भूखंड मिळतो. वारसांचे वाद यातून आपोआप मिटणार नाहीत, हे खरे आहे. पण कोणी विकले आणि कोणी थांबले यावर रस्त्याची रेषा अवलंबून राहणार नाही. अशा योजनेत कामगारांच्या खोल्यांसाठी त्याच पट्ट्यात जागा राखावी, आणि कोठ्या, ट्रॉल्या, मोटारी यांची कामे करणाऱ्यांना भाड्याचे गाळे तिथेच मिळावेत. शेतकरी बाजाराला येतो, मोटार भरायला टाकतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. ही सोय औद्योगिक वसाहतीत नेऊन ठेवली तर त्याचा एक दिवस आणखी जाईल.

आणि पाणी. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याने जे भोगले ते इथल्या कोणत्याही घराला वेगळे सांगण्याची गरज नाही. रिकामे ड्रम घेऊन टँकरची वाट पाहत रात्र काढलेली मुले आज पंचविशीत आहेत. आगीसाठी खोदलेल्या विहिरी आणि दगडी हौद या आवारांत अजून शिल्लक आहेत. सल्लागाराच्या आराखड्यात माझ्या माहितीच्या आवारातील विहिरीवर वाहनतळ दाखवलेला आहे. शेडच्या लांबलचक छपरांवरचे पावसाचे पाणी नीट गाळून या विहिरींत सोडता येईल. ते पिण्यासाठी नसेल, पण त्यामुळे तिथल्या वस्तीची वापराच्या पाण्याची आणि झाडांची गरज बरीचशी भागेल. त्यासाठी विहिरीभोवतीचे अंगण काँक्रीटने बुजवता कामा नये, एवढीच अट आहे.

शेडबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. काही शेडवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, आणि ते घणाने फोडले तर धूळ आसपासच्या घरांत जाते. ते ओले करून, न फोडता, प्रशिक्षित माणसांकडूनच उतरवले पाहिजेत. त्याखालच्या सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, मात्र अजून सरळ आहेत. दोन आवारांतल्या कैच्या भंगाराच्या भावाने गेल्या. उरलेल्यांतील एखादी शेड ठेवून तिथे आठवडी बाजार किंवा मुलांची अभ्यासिका सहज होईल.

मागच्या रविवारी मी मावशींच्या नातवाला सोबत घेऊन दोरीला दगड बांधून विहिरीची खोली मोजली. बेचाळीस फुटांवर तळ लागला आणि दोरीचे शेवटचे अकरा फूट ओले निघाले. हे आकडे, एकोणीस खोल्यांची यादी आणि कारागिरांची नावे मी एका कागदावर उतरवली आहेत. उरलेल्या चार आवारांची अशीच नोंद करायची आहे. ज्यांच्या घरातले कोणी जिनिंगवर कामाला होते, त्यांनी आपापल्या आवारातली विहीर, हौद आणि राहती माणसे लिहून ठेवावीत. आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा हे कागद एकत्र द्यायचे आहेत.