आमची वाटचाल : आधी वजन, मग यारी

वडील मुंबईच्या गोदीत खलाशी, म्हणजे अवजड माल उचलणारे, होते. रविवारी आम्हाला राणीच्या बागेत न्यायचे, पण वाघ-माकडं बाजूला. त्यांचा मुक्काम दगडी हत्तीपाशी. घारापुरीचा हा हत्ती इंग्रजांनी १८६४ साली विलायतेला न्यायला उचलला, यारी (क्रेन) मोडली आणि त्याचे तुकडे झाले. ते जुळवून १९१४ साली तो परत उभा केला. "कुणी वजन नीट काढलंच नसणार," वडील चिडून म्हणायचे, जणू कालच पडला! पलीकडे काळ्या घोड्याचा पुतळा, १९६५ साली काळा घोडा चौकातून इथे आलेला. तो धड पोचला, म्हणून त्याच्याकडे ते बघायचेही नाहीत.

गोदी सुटल्यावर त्यांनी दोन चेनपुल्या आणि चार माणसांवर अवजड सामान उचलून हलवायचा धंदा मांडला. लेथ, बॉयलर, छापखान्यांची यंत्रं. मी शिल्पाचं काम घेतलं तेव्हा घरात भांडण झालं. यंत्राला उचलायला कडी असते, शिल्पाला कुठे असते?

रस्तारुंदीत अडकलेलं काँक्रीटचं शिल्प गावाबाहेरच्या कला-उद्यानात न्यायचं होतं. कागदावर वजन ६ टन. मी टेप लावला. काँक्रीट घनमीटरला अडीच टन. सगळं भरीव धरलं तर ११ टनांच्या वर जात होतं. आत पोकळ किती? हातोडीने टकटक करत अर्धा दिवस कान लावून बसलो. खाली भरीव, वर पोकळ. १४ टनी हायड्राने, म्हणजे छोट्या फिरत्या क्रेनने, भागलं असतं, असं सगळे म्हणत होते. पण बूम, म्हणजे क्रेनचा हात, बाहेर काढला की ती तेवढं पेलत नाही. मोठी क्रेन मागवली. उचलायचे बेल्ट फार फाकून जमिनीशी ३० अंशांवर आले, तर दोन्हींपैकी प्रत्येकावर अख्ख्या वजनाचा ताण येतो, म्हणून ते सरळ लोंबावेत असा वर लोखंडी बीम घेतला. शिल्पाने चौथरा सोडला तेव्हा लोड सेलवर, म्हणजे क्रेनच्या वजनकाट्यावर, आकडा आला ९.४ टन.

रात्रीचा प्रवास, पुढे वरच्या तारा सांभाळायला वायरमन, मागे गोणपाटाच्या गाद्या. ते ठीक झालं.

फसलो ते उद्यानात. नव्या चौथऱ्याचे बोल्ट तळाच्या प्लेटशी जुळेनात. माप आमचंच चुकलेलं. शिल्प दोन दिवस लाकडी स्लीपरांवर, क्रेनचं भाडं चालू. त्या कामात नफा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी वडील आले. शिल्पाकडे पाहिलंही नाही. वाकून भोकं मोजली. "चाळीस मिलीमीटर," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

आता जुना चौथरा सोडण्याआधी तळाच्या भोकांचा प्लायवूडचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, काढतो. पहिला फर्मा अजून गोडाऊनमध्ये टांगलेला आहे.