पक्षाचा रकाना: प्रायमरीसाठी मतदारांची तयारी करून घेताना

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी आपली मराठी मंडळी नोव्हेंबरच्या निवडणुकीला आवर्जून जातात. जूनच्या प्रायमरीला, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, मात्र त्यातली फार थोडी फिरकतात. 2025 साली इथे गव्हर्नर निवडायचा होता आणि त्याची प्रायमरी 10 जूनला होती. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षात सहा जण उभे होते, रिपब्लिकन पक्षात पाच. त्याच दिवशी राज्याच्या असेंब्लीचे उमेदवार आणि एडिसनच्या महापौरपदाचे उमेदवारही ठरायचे होते. आमच्यासारख्या, एकाच पक्षाचं वर्चस्व असलेल्या भागात जूनमध्ये जो जिंकतो, तोच बहुतेकदा नोव्हेंबरमध्ये निवडून येतो. म्हणजे खरी निवड जूनमध्येच होते आणि तेव्हा आपली माणसं घरी बसलेली असतात. हे मला फार लागायचं. म्हणून त्या वर्षी ओळखीच्या लोकांची तयारी करून घ्यायची, असं मी ठरवलं.

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षाचे नेते ठरवतात आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. इथे ते तिकीट मतदार देतात. एवढं सांगितलं की प्रायमरी म्हणजे काय ते ज्येष्ठांना लगेच समजायचं. पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आम्ही पक्षात जायचं का?" सगळी अडचण तिथेच होती.

सुरुवात पाडव्याच्या कार्यक्रमापासून केली. पाडवा 30 मार्चला होता. मंडळाच्या लोकांना विचारून जेवणाच्या रांगेजवळ एक टेबल मागून घेतलं. कुठल्याही पक्षाचा कागद, बिल्ला, पत्रक त्यावर ठेवायचं नाही, ही अट मीच आधी सांगितली. टेबलावर नोंदणीचे फॉर्म, पक्ष जाहीर करायचे फॉर्म, पेनं आणि मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेल्या तारखा, एवढंच.

टेबलापाशी आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. यात भिडेला जागा नाही. मुलांकडे राहायला आलेले कितीतरी आईवडील ग्रीन कार्डावर असतात आणि "इतकी वर्षं इथे कर भरतोय, मग मत का नाही?" असं प्रेमाने विचारतात. त्यांना मी स्पष्ट सांगायची, फॉर्मला हातसुद्धा लावू नका. नागरिक नसताना नोंदणी केली किंवा मत दिलं तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो आणि देशाबाहेर जायची वेळही येऊ शकते. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणी आपोआप पुढे सरकते, तिथेही डोळे उघडे ठेवून "नाही" म्हणायचं. नागरिकत्वाची शपथ झाली असेल तर मात्र त्याच आठवड्यात फॉर्म भरायचा.

त्यानंतर पक्षाचा रकाना. न्यू जर्सीत प्रायमरीला फक्त डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन पक्षांच्या मतपत्रिका असतात आणि आपल्याला आपल्या पक्षाचीच मिळते. ज्यांच्या नावापुढे कुठलाच पक्ष नाही, म्हणजे अनअफिलिएटेड, ते केंद्रावर जाऊन तिथल्या तिथे पक्ष सांगू शकतात. पण ज्यांच्या नावापुढे एक पक्ष लागलेला आहे आणि दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं आहे, त्यांना प्रायमरीच्या 55 दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. त्या वर्षी ती तारीख होती 16 एप्रिल. पाडव्यानंतर जेमतेम अडीच आठवडे.

आणि गंमत अशी, की आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. एक काका ठामपणे म्हणाले, "मी कुठल्याच पक्षाचा नाही." काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात फोन केला तर नोंद एका पक्षाची निघाली. 2008 च्या फेब्रुवारीत, हिलरी क्लिंटन आणि ओबामा यांच्यातल्या त्या चुरशीच्या प्रायमरीत, ते उत्साहाने मत द्यायला गेले होते. त्या दिवशी लागलेला पक्ष तसाच राहिला होता. काकांना आता दुसऱ्या बाजूला मत द्यायचं होतं. फॉर्म तिथेच भरून घेतला, आणि पोस्टावर न सोडता त्यांच्या मुलाने तो काउंटीच्या कार्यालयात नेऊन दिला.

लोकांच्या मनात भीतीही खूप. पक्षाचं नाव लावलं की वर्गणी मागायला येतील, सरकारी नोकरीतल्या मुलाला त्रास होईल, नोव्हेंबरला त्याच पक्षाला मत द्यावं लागेल. मी एकेक गोष्ट सांगत बसायची. फी नाही, कार्ड नाही, बैठका नाहीत. नोव्हेंबरला कुणालाही मत द्या, पुढे हवं तर पुन्हा फॉर्म भरून अनअफिलिएटेड व्हा. मत गुप्तच राहतं. पण नावापुढचा पक्ष ही नोंद सार्वजनिक असते आणि प्रचाराची पत्रकं त्यावरूनच घरी येतात, हेही मी लपवलं नाही. ते ऐकून दोन-तीन जण "नको मग" म्हणाले. त्यांना मी आग्रह केला नाही. माहिती पूर्ण द्यायची आणि निर्णय त्यांचा, यावर माझा ठाम विश्वास आहे.

एका बाबतीत मात्र मी हट्ट धरला. घरातल्या सगळ्यांचे फॉर्म कर्त्या पुरुषाने एकाच पेनाने भरायचे आणि बाकीच्यांनी नुसती सही करायची, ही आपल्याकडची सवय. मी फॉर्म ज्याचा त्याच्या हातात द्यायची. एका वहिनींनी नवऱ्यासमोर शांतपणे दुसऱ्या पक्षाच्या चौकोनात खूण केली. भाऊजी बघतच राहिले, मग हसले. दोघंही जूनमध्ये एकाच गाडीतून मत द्यायला गेले.

नव्या नोंदणीची शेवटची तारीख 20 मे होती, म्हणजे प्रायमरीच्या 21 दिवस आधी. तो टप्पा फारसा अवघड गेला नाही. परवान्याचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लागतात, ते जवळ असले की काम होतं.

टपाली मतदानाने मात्र पुष्कळ वेळ खाल्ला. गुडघ्यांमुळे बाहेर न पडणाऱ्या एका काकूंकडे मी बसले होते. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पाकिटातलं सगळं काढून मांडलं: मतपत्रिका, सूचनांचा कागद, आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट. आतल्या पाकिटाच्या झाकणालाच एक प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते. त्यावर नाव, पत्ता आणि सही हवी, आणि ती पट्टी फाडायची नाही. काकूंचा हात नेमका तिकडेच गेला, कारण वीजबिलाची पावती जशी कडेच्या टिंबांवरून फाडतात तशीच ती दिसते. "काकू, थांबा, ते राहू द्या!" मी म्हणाले. मग त्यांनी सही केली, लपेटदार इंग्रजीत.

तेवढ्यात मला शंका आली. "नोंदणीच्या वेळी सही कशी केली होती?"

"अगं, तेव्हा मराठीतच करायचे मी. बँकेत नको म्हणाले, म्हणून बदलली."

टपाली मतावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. काकूंना दुसऱ्या कागदावर जुनी सही करायला लावली. हात थरथरत होता, पण जमली. प्रमाणपत्रावर मात्र इंग्रजी सही होऊन गेली होती. मी त्यांना सांगितलं, जुळली नाही तर काउंटीकडून पत्र येईल, त्यासोबतचा फॉर्म भरून वेळेत परत पाठवला की मत धरतात. ते पत्र जाहिरातींच्या ढिगात टाकू नका. पत्र आलंच. काकूंनी ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं, मला फोन केला आणि फॉर्म त्याच दिवशी परत गेला. त्यानंतर दोन भाषांत सह्या करणाऱ्या प्रत्येकाला मी नोंदणी नव्याने करून सही ताजी करायला सांगते.

भरलेलं पाकीट कुणी दुसऱ्याने नेऊन द्यायचं असेल तर त्यालाही मर्यादा आहे. एक माणूस तीनच मतदारांची पाकिटं नेऊ शकतो, एकाच घरात राहणारे जवळचे नातेवाईक असतील तर पाच, आणि नेणाऱ्याने मतदारासमोर बाहेरच्या पाकिटावर सही करायची. म्हणून "सगळ्यांची माझ्याकडे द्या, मी टाकून येते" असं मी कधी म्हटलं नाही. प्रत्येकाच्या घरातलं माणूस शोधलं.

मतपत्रिकेचं रूपही बदललं होतं. पूर्वी काउंटीच्या पक्षसंघटनेचे आवडते उमेदवार एका ओळीत, ठळक जागी छापायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. 2024 मध्ये सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम यांनी या पद्धतीविरुद्ध कोर्टात दाद मागितली, मार्चमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि 2025 मध्ये कायदाच बदलला. आता पदानुसार एकेका चौकटीत सगळी नावं येतात. एका ओळीवर खुणा करत जायची सवय असलेले लोक नमुना मतपत्रिका बघून गोंधळले. आम्ही ती वाचनालयात मोठी छापून आणली आणि प्रत्येक पद काय करतं, यावर संध्याकाळ घालवली. असेंब्लीचा सदस्य काय करतो हे बहुतेकांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. त्या चर्चेत मला सगळ्यात समाधान मिळालं. कुणाला मत देऊ, असं विचारलं की मी उमेदवारांच्या मुलाखती कुठे ऐकता येतील ते सांगायची आणि तिथे थांबायची.

3 ते 8 जून लवकर मतदान होतं. नोकरीवाल्यांना मी तेच सुचवलं. काउंटीतल्या कुठल्याही लवकर मतदानाच्या केंद्रावर जाता येतं, रांग नसते. 10 तारखेला सकाळी 6 ते रात्री 8 केंद्रं उघडी होती. इंग्रजी न वाचता येणाऱ्या एका आजींसोबत त्यांची सून गेली, तर केंद्रावरच्या एकाने तिला अडवलं. मतदाराला लिहितावाचता येत नसेल किंवा अपंगत्व असेल, तर आपल्या पसंतीचा माणूस सोबत नेता येतो, हा फेडरल कायदा आहे. फक्त तो माणूस मतदाराच्या नोकरीतला मालक किंवा त्याचा प्रतिनिधी, किंवा युनियनचा प्रतिनिधी नसावा. सुनेला हे आधी सांगून ठेवलं होतं. तिने आवाज न चढवता वरिष्ठांना बोलवायला सांगितलं, आणि आजींनी तिच्या मदतीने मत दिलं. मी तेव्हा केंद्राभोवतीच्या, प्रचाराला बंदी असलेल्या शंभर फुटांच्या हद्दीबाहेर गाडीत बसून पुढच्या दोघींना फोन करत होते.

आता 2 जून 2026 ची प्रायमरी आहे. पक्ष बदलायची शेवटची तारीख 8 एप्रिल, नोंदणीची 12 मे. यंदापासून एक नवीन गोष्ट आहे: जी मुलं नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत 18 वर्षांची होणार आहेत, त्यांना 17 व्या वर्षी प्रायमरीत मत देता येईल. आपल्या मुलामुलींच्या जन्मतारखा बघा. मराठी शाळेतल्या मोठ्या वर्गाच्या पालकांना मी फोन करायला सुरुवात केली आहे.