तुम्ही विचारलंत म्हणून: मोकळ्या प्रयोगात पदं कापायची का?

मोकळा प्रयोग म्हणजे प्रेक्षकाला उठता-बोलता, आत-बाहेर करता येईल असा नाटकाचा प्रयोग. त्याबद्दल पालक विचारतात, विशेष शाळांचे शिक्षक विचारतात, नाटक मंडळीही विचारतात. प्रश्न एकच असतो. "म्हणजे नाटक सोपं करून, पदं कापून दाखवायचं का?" नाही. पदं तशीच राहतात. काढायचा असतो तो अचानकपणा. आणि 'गप्प बसा, हलू नका' हा प्रेक्षागृहाचा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवायचा असतो.

ब्रिटनमधल्या नाटक, बॅले आणि ऑपेरा कंपन्या असे प्रयोग 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' म्हणून लावतात. स्वमग्न मुलं, बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं, स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा यांना उठता-बोलता यावं, बाहेर जाऊन परत येता यावं, एवढाच त्यांचा हेतू. ऑपेरात गायक सहसा माईकशिवाय गातो, त्यामुळे तिथे आवाज आवरायचा तर गायकाला आणि ऑर्केस्ट्रालाच सांगावं लागतं. आपल्या संगीत नाटकात मिक्सर, म्हणजे माईकचे आवाज कमी-जास्त करायचं यंत्र, हाताशी असतो, ही मोठी सोय आहे. पण नेमकं इथेच बिघडतं. ध्वनिवाला सगळंच खाली आणतो, मग पदाचे शब्द कळत नाहीत आणि कमी ऐकू येणारी आजी कंटाळते. खाली आणायची ती फक्त टोकं, म्हणजे अचानक चढणारे आवाज. लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवरचा आवाज अडवणारं साधन) लावा आणि तिसऱ्या रांगेत मोबाईलवर मोजून ८५ डेसिबलच्या आत राहा. माईकची शिट्टी हा सर्वांत वाईट आवाज. ती टाळायला रिकाम्या नाट्यगृहात तासभर आधी चाचणी घ्या आणि मिक्सरच्या कळांच्या जागांवर चिकटपट्टीने खुणा करून ठेवा. स्पीकरसमोरच्या दोन रांगा विकू नका.

आता वन्समोअर. १८८२ सालच्या 'सौभद्र'सारख्या नाटकाची ती जान आहे, हे मान्यच. पण जे मूल प्रयोगात काय कधी होणार ते सांगणाऱ्या, आधी पाठवलेल्या पुस्तिकेतला क्रम घोकून आलेलं असतं, त्याला तेच पद पुन्हा सुरू झालं की सगळं चुकल्यासारखं वाटतं, शिवाय मागून अचानक आरोळी. आमच्या मते उपाय सोपा आहे: दोन पदं आधीच ठरवा आणि पुस्तिकेत त्यांच्यापुढे छापा, 'हे पद पुन्हा म्हटलं जाईल'. रसिकांची हौसही भागते.

ही पुस्तिका आठवडाभर आधी घरी पोचली पाहिजे. ८ ते १० पानं, पानाला एक फोटो, खाली एक-दोन ओळी. फाटक, तिकीट खिडकी, स्वच्छतागृह, खुर्ची, पडदा, मग पात्रं. प्रत्येक नटाचा साध्या कपड्यांतला आणि रंगवलेला फोटो शेजारी-शेजारी हवा. निजलेल्या सुभद्रेला घटोत्कच उचलून नेतो, तो प्रसंग आधीच सांगून टाका. उत्कंठा जाईल म्हणून मंडळी कुरकुरतात. पण या प्रेक्षकाला पुढचं माहीत असलं तरच तो नाटकात रमतो. फोटो त्याच नाट्यगृहातले घ्या. दुसरीकडचे लावले की दारातच मुलाचा विश्वास उडतो.

दशावतारात, म्हणजे कोकणातल्या त्या लोकनाट्यात, काम जास्त अवघड. पखवाज आणि झांज माईकशिवायच कानठळ्या बसवतात, त्यामुळे पहिली रांग वाद्यांपासून लांब न्या आणि वाद्यांखाली जाड सतरंजी घाला. युद्धाची लय चढायच्या २० सेकंद आधी कोपऱ्यातल्या स्वयंसेवकाने इशारा म्हणून पिवळं फडकं वर धरायचं, आवाज उतरला की खाली. दशावतारात संवाद आयत्या वेळी रचले जातात, म्हणून हा माणूस आख्यान अनेकदा पाहिलेला हवा; नवखा असला की फडकं उशिरा वर जातं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. काळ्या वेषातल्या संकासुर राक्षसाने प्रेक्षकांतून येऊ नये, रंगमंचावरूनच यावं. अंध प्रेक्षकांसाठी अर्धा तास आधी पेटारा उघडा: किरीट, गदा, तलवार हातात द्या, पायपेटीचा भाता चालवू द्या. सुरुवातीचं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं, मात्र अजिबात गाळू नका. 'व्हय म्हाराजा' हे ठरलेल्या जागी येतं, सगळे मिळून म्हणतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही त्यात सूर मिसळू शकतात. धूप-कापूर तेवढा बाहेर.

प्रेक्षागृहात काळोख नको; दिवे मंद, समोरच्याचा चेहरा दिसेल इतके. लुकलुकणारी ट्यूबलाईट आधीच बदला. कोकणात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि जनरेटर चालू होईपर्यंतचा काळोख नि मग त्याची घरघर, यात घाबरलेलं मूल सावरायला बराच वेळ जातो. इन्व्हर्टरवर चार-सहा दिवे कायम जोडलेले ठेवा. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात प्रयोग लावूच नका. सरीच्या आवाजात कुठलाच बेत टिकत नाही.

तिकिटं निम्मीच विका, म्हणजे मधली खुर्ची रिकामी राहते. चाकाच्या खुर्चीसाठी रांगेच्या टोकाच्या खुर्च्या काढा. चिऱ्याच्या पायऱ्यांवर टाकायची फळी १ फूट उंचीला १२ फूट लांब हवी. आखूड टाकली की खुर्ची मागे कलंडते. बाजूला एक शांत खोली: चटई, उशा, पंखा, बंद होणारं दार.

शिकवायचं ते नटांना आणि दारावरच्या स्वयंसेवकांना. कुणी ओरडलं, चालत रंगमंचाजवळ आलं, तर नटाने थांबायचं नाही, रागावून बघायचं नाही. पद पुढे न्यायचं. वर चढलंच मूल, तर पालक येईपर्यंत जवळच्या नटाने शांतपणे शेजारी उभं राहायचं. प्रयोगापूर्वी पडद्यासमोर येऊन हे प्रेक्षकांनाही सांगा, नाहीतर मागच्या रांगेतून 'शूऽऽ' येतंच, आणि ती आई पुन्हा नाटकाला येत नाही.

वेळ सकाळी ११ ची, एकूण दीड-दोन तास, मध्ये २० मिनिटांचं मध्यंतर. एवढ्या वेळेत संपूर्ण नाटक बसत नाही, म्हणून निवडक अंक पुरे घ्या. अंकातली पदं तोडू नका. संपायची वेळ तिकिटावर छापा आणि पाळा; राजापूर-लांज्याकडून आलेल्यांना परतीची एसटी गाठायची असते.