दूधसागर, सात जणांची जीप आणि आम्ही नऊ जण

दूधसागर धबधबा पाहून परत आल्याला आता महिना होत आला, तरी गोव्यातील कुळे गावात त्या सकाळी गेलेले साडेतीन तास माझ्या मनातून जात नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना घेऊन एका दिवसात तिथे जाऊन येण्याचा बेत जे आखत असतील, त्यांच्या वाट्याला तरी असा खोळंबा येऊ नये, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आम्ही मिरजेचे. नाताळच्या सुट्टीत फोंड्याला नणंदेकडे गेलो होतो. आम्ही दोघे, आमची दोन मुले, सासू-सासरे, नणंद, तिचे यजमान आणि त्यांची महाविद्यालयात शिकणारी मुलगी असे एकूण नऊ जण होतो. हा बेत खरे तर माझ्या सासऱ्यांसाठी, म्हणजे आप्पांसाठी होता. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. मिरजेहून लोंढ्यामार्गे वास्कोला जाणारी गाडी मीटरगेजवर धावत होती त्या काळापासून ते दूधसागरच्या पुलावरून कितीतरी वेळा गेले आहेत. परंतु पुलावरून जाताना धबधबा दिसतो, पूल दिसत नाही. धबधबा, त्याच्या अंगावरून गेलेला पूल आणि पुलावरची गाडी हे तिन्ही एकदा खालून, एकाच नजरेत पाहायचे, ही त्यांची जुनी इच्छा होती. आता त्यांचे वय 76 आहे आणि गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे हे काम आणखी पुढे ढकलण्यासारखे नव्हते.

रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे कुटुंबासह जाणाऱ्याला मार्ग एकच उरतो: कुळ्याला जायचे आणि तिथून जीपने भगवान महावीर अभयारण्यातून धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचायचे. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. पावसाळ्यात ओढे भरून वाहतात, तेव्हा जीप बंद असतात. पाऊस सरल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरमध्ये, त्या पुन्हा सुरू होतात. एका जीपमध्ये सात प्रवासी बसतात. हा सातचा आकडा मी त्या दिवसापूर्वी अनेकदा ऐकला होता, पण आपल्या घरच्या माणसांशी तो ताडून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

सुट्टीतील गर्दीचा विचार करून आम्ही एका ओळखीच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून एका एजंटकडे आठ दिवस आधी तीन हजार रुपये आगाऊ भरले. त्याने मोबाइलवर एका छापील कागदाचे छायाचित्र पाठवले. त्यावर आम्हा नऊही जणांची नावे, तारीख, वेळ आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘बुकिंग कन्फर्म’ असे होते. मी तो कागद दोनदा वाचला, नावांतील एक चूक त्याला कळवून दुरुस्त करून घेतली आणि निश्चिंत झाले. जीपचा क्रमांक किंवा पैसे भरल्याच्या पावतीचा क्रमांक त्यावर कुठेच नव्हता, हे माझ्या लक्षात आले नाही. आज मी कोणालाही सर्वप्रथम हेच सांगते, की नावे बरोबर आहेत की नाहीत हे नंतर पाहा, आधी पावती क्रमांक शोधा.

सकाळी साडेसात वाजता आम्ही कुळ्याला पोहोचलो. जीपच्या बुकिंग खिडकीवरील माणसाने तो कागद पाहिला आणि अतिशय सौम्यपणे सांगितले, “ताई, हा कागद आमचा नव्हे.” त्याने आमच्यासमोर त्या दिवसाची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, त्यात आमचे नाव नव्हते. मी एजंटला फोन केला. “माझा माणूस वाटेतच आहे, दहा मिनिटांत पोहोचतो,” असे उत्तर मिळाले. आठ वाजता तेच उत्तर आणि साडेआठ वाजताही तेच. तोपर्यंत रांग स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत लांबली होती. नऊ वाजता त्याने फोन उचलणे बंद केले. हा दीड तास मला अजूनही सलतो, कारण आम्ही साडेसातलाच सरळ रांगेत उभे राहिलो असतो, तर पहिल्या काही जीपमध्ये आम्हाला जागा मिळाली असती. एजंटचा माणूस येण्याची वाट पाहत असाल, तरी घरातील एकाने तेवढ्या वेळात रांगेत उभे राहिलेच पाहिजे.

त्या काळात आप्पा शांतपणे स्थानकाच्या बाजूला बसून होते. कॅसलरॉककडे चढणाऱ्या गाडीला कुळ्यात जादा इंजिने जोडतात, कारण पुढे 37 मीटरला एक मीटर असा घाटाचा चढ आहे. हे सगळे ते नातवाला समजावून देत होते. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्यामुळे माझा जीव अधिकच कासावीस होत होता.

आमची पाळी आली तेव्हा सव्वादहा वाजले होते, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. आमच्या आठ वर्षांच्या मुलाचीही पूर्ण जागा धरली गेली. पहिल्या जीपमध्ये सात जण बसल्यावर दोन उरत होते. त्या दोघांसाठी एक तर संपूर्ण दुसऱ्या जीपचे पैसे भरायचे, नाही तर आणखी पाच जण जमवायचे. “पाच जण घेऊन या, लगेच जीप देतो,” असे खिडकीवरून सांगण्यात आले. मग मी रांगेच्या शेवटापर्यंत चालत जाऊन प्रत्येक कुटुंबाला “आपण किती जण आहात?” असे विचारू लागले. कुणी चार होते, कुणी सहा, महाविद्यालयातील मुलांचा एक गट चौदा जणांचा होता. चौघांच्या कुटुंबाला घेतले तर एक जागा रिकामी राहून तिचे पैसे वाटून द्यावे लागणार होते, आणि त्यांना ते मान्य नव्हते. जवळजवळ अर्ध्या तासाने नांदेडचे एक कुटुंब भेटले. नवरा-बायको, त्यांचे आई-वडील आणि कडेवर न मावणारी, पण झोपेने पेंगुळलेली एक मुलगी, असे बरोबर पाच जण. त्यांनाही दोन सोबती हवेच होते. त्या क्षणी मला झालेला आनंद धबधबा पाहून झालेल्या आनंदापेक्षा कमी नव्हता, आणि हे पाच जण मी स्वतः शोधून काढले याचा मला आजही अभिमान वाटतो. आपण आठ, नऊ किंवा दहा जण असाल, तर हा हिशेब घरीच करा. जमल्यास दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला आधीच सोबत घेऊन चौदाचा आकडा पूर्ण करा.

लाइफ जॅकेट घेणे सक्तीचे आहे आणि त्याचे भाडे वेगळे पडते. ते घेताना प्रत्येकाने कंबरेचा पट्टा तिथेच लावून पाहावा. माझ्या मुलाच्या जॅकेटचा चाप तुटलेला होता. ते आम्हाला ओढ्याकाठी पोहोचल्यावर कळले, आणि मग सासूबाईंनी आपल्या पिशवीची नाडी काढून ते त्याच्या पोटाशी घट्ट बांधले.

आप्पांना पुढच्या जागेवर बसवून पहिली जीप निघाली. मी आणि मुलगा नांदेडच्या मंडळींसोबत मागून निघालो. वाटेत जीप ओढ्यांतून जाते तेव्हा पाणी पायरीच्या वर येते. चालक त्या वेळी अजिबात घाई करत नाही, गाडी एकाच संथ गतीने पलीकडच्या दगडांवर चढवतो. वृद्ध माणसांना मागे बसवू नका, कारण तिथे धक्के फार बसतात. जीप थांबते तिथून पुढे थोडे अंतर दगडांवरून चालावे लागते. आप्पांना ते अंतर पार करायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागला, आणि जीप परत निघण्याची वेळ ठरलेली असते, हे आधीच लक्षात ठेवायला हवे होते. शिवाय दोन जीपच्या परतीच्या वेळा वेगवेगळ्या असतात. आत आमच्यापैकी कोणाच्याही मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून कुठे भेटायचे हे कुळ्यातच ठरवून घ्यावे.

धबधब्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. 310 मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारी ती मांडवी, आमच्याकडे आणि तिकडेही जिला म्हादई म्हणतात, डिसेंबरातही इतकी भरलेली होती की पाण्याचे तुषार दूर बसलेल्या सासूबाईंच्या चष्म्यावर जमत होते. खाण्याची पिशवी मात्र मांडीवरच धरून ठेवा, कारण माकडे क्षणार्धात ती ओढून नेतात. आमची परतण्याची वेळ झाली असताना वर पुलावर एक मालगाडी आली, पुढे इंजिने आणि मागेही इंजिने. आप्पा काठी टेकून उभे राहिले आणि ती बोगद्यात दिसेनाशी होईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. जीपचा चालक हाक मारत होता. मी त्याला हात जोडून दोन मिनिटे थांबण्याची विनंती केली आणि तो थांबला.

एजंटने तीन हजारांपैकी अद्याप एक रुपयाही परत केलेला नाही. तो कागद, पैसे पाठवल्याची नोंद आणि त्या सकाळच्या फोनच्या वेळा मी एकत्र जपून ठेवल्या आहेत, आणि येत्या सोमवारी नणंदेचे यजमान ते घेऊन स्वतः त्याच्या दारात जाणार आहेत.