बारा फोटो, तेरा क्लिक

सापडला एकदाचा! तीन रविवार खाल्ले पण सापडला. मागच्या अपडेटमध्ये ज्याच्या नावाने रडत होते तोच बग, माझ्या फोटो-डायरीच्या वेब-अ‍ॅपमध्ये (फोटो इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसमध्ये, राहतात) इम्पोर्ट दाबलं की कधी चालतं आणि कधी ट्रान्झॅक्शनइनॅक्टिव्हएरर (ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसच्या कामांचा एक गठ्ठा, आता जागं नाही) तोंडावर मारतं, तो. आणि नाही, तुम्हाला वाटेल तसा ट्रान्झॅक्शनच्या आत फेच (नेटवर्कवरून काही मागवणं) नव्हता, तेवढं कळतं आता मला.

कोड अगदी साधा. रीडराइट ट्रान्झॅक्शन उघडायचं, लूपमध्ये एकेका फाइलचा हॅश काढायचा (फाइलच्या डेटावरून निघणारा ठसा, एसएचए-२५६ने; डेटाबेसमधली कीही तीच), गेट करून बघायचं आधीच आहे का, नसेल तर पुट. सगळीकडे अवेट (उत्तर येईपर्यंत थांब) लावलेला, वाचायला एकदम गोड. आणि हॅश पुन्हा पुन्हा काढायला नको म्हणून मी शहाणपणा करून मेमरीत एक मॅप ठेवला होता, फाइलचं नाव, साइझ आणि बदललेली वेळ यावरून हॅश कॅश करणारा.

तर झालं असं की मी वैतागून एरर आली तरी बटण दाबतच राहिले. पहिल्या क्लिकला शून्य फोटो, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. बारा फोटो टाकले होते, बरोबर तेराव्या क्लिकला सगळे आत आणि एररही गायब. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

इंडेक्स्डडीबीचं ट्रान्झॅक्शन कोणासाठी थांबत नाही. रिक्वेस्टचा कॉलबॅक आणि त्याला लागून येणारे मायक्रोटास्क (चालू कामाच्या लगेच मागे उरकली जाणारी छोटी कामं) एवढाच वेळ ते जागं असतं, ते संपेपर्यंत नवी रिक्वेस्ट टाकली नाही आणि जुनीही बाकी नाही तर ते आपलं आपण कमिट होऊन (झालेलं काम पक्कं करून) मोकळं. डेटाबेसच्याच रिक्वेस्टवर अवेट केलं तर पुढची ओळ त्याच मायक्रोटास्कमध्ये येते म्हणून चालतं. पण फाइलचा अरेबफर (कच्चा डेटा) वाचणं आणि क्रिप्टोचं डायजेस्ट (हॅश काढणारं फंक्शन) ही कामं बाहेर कुठेतरी होतात, उत्तर नंतरच्या टास्कमध्ये येतं, तोवर इकडे दुकान बंद.

आणि माझा कॅश! पहिल्या क्लिकला पहिल्या फाइलचा हॅश निघायचा, कॅशमध्ये बसायचा, मग गेटवर एरर. दुसऱ्या क्लिकला तोच हॅश मॅपमधून लगेच, म्हणजे मायक्रोटास्कमध्येच, मिळायचा, फोटो आत जायचा आणि दुसऱ्या फाइलवर तोच तमाशा. वर मी डीबग करताना दर दोन मिनिटांनी पेज रिलोड करत होते, म्हणजे मॅप रिकामा आणि मोजणी परत पहिल्यापासून. ब्रेकपॉइंट लावूनही काही कळेना, कारण तिथे थांबलं की इव्हेंट लूपच थांबतो, ट्रान्झॅक्शन बिचारं जिवंत दिसतं.

पहिला जुगाड: डमी गेट मारत राहून ट्रान्झॅक्शन जागं ठेवायचं. डेक्सी या इंडेक्स्डडीबीच्या लायब्ररीचं वेटफॉर हेच करतं. चाललं, पण मोठ्या फोटोला प्रोसेसर उगाच तापतो आणि तेवढा वेळ त्याच स्टोअरवर लिहिणारी बाकीची सगळी ट्रान्झॅक्शन रांगेत ताटकळतात. काढून टाकलं. आता सगळे हॅश आधी बाहेर, मग ट्रान्झॅक्शन, आणि आत डेटाबेस सोडून एकही अवेट नाही. एका क्लिकमध्ये बारा फोटो आत गेले तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले.

इथपर्यंत लिहून झाल्यावर सुचलं की गेट कशाला, सरळ अ‍ॅड वापरू, हॅश तोच असेल तर कन्स्ट्रेंटएरर (ही की आधीच आहे) येईल, ती कॅचमध्ये गिळून टाकू. करून बघितलं, आणि एका डुप्लिकेटपायी अख्खं ट्रान्झॅक्शन अबॉर्ट! प्रॉमिसची (अवेट ज्याची वाट बघतो त्याची) एरर कॅच केली तरी खालचा एरर इव्हेंट वर जातोच, त्यावर प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं नाही तर ट्रान्झॅक्शन रद्द होतं. म्हणजे कॅच फक्त माझ्या समाधानासाठी. नुसतं पुट केलं असतं तर डुप्लिकेटवर मी लिहिलेली कॅप्शनच उडाली असती, म्हणून तेही नको. शेवटी गेटऐवजी गेटकी (फक्त की आहे का ते बघणारं) घेतलं, म्हणजे असलेला अख्खा ब्लॉब (फोटोचा डेटा) उगाच वाचायला लागत नाही.

याच्या अगदी उलटी गंमतही आहे. जुन्या, कॉलबॅकच्या पद्धतीत ऑनसक्सेसमध्ये थ्रो झालं की ट्रान्झॅक्शन अबॉर्ट व्हायचं. एसिंक फंक्शनमध्ये थ्रो केलं तर ते प्रॉमिस पोटात घेतं, ट्रान्झॅक्शनला पत्ताच नाही, ते अर्धवट काम आनंदाने कमिट करतं. माझ्याकडे अल्बमचा काउंट आणि खरे फोटो जुळत नव्हते ते यामुळेच. आता एक रॅपर केलाय: आतलं काम फसलं की अबॉर्ट, नाहीतर डन (ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्याचं प्रॉमिस) होईपर्यंत थांब. अबॉर्टलाही वेगळा ट्राय लागतो, कारण ट्रान्झॅक्शन आधीच संपलेलं असेल तर तो स्वतःच इन्व्हॅलिडस्टेटएरर फेकतो आणि मूळ एरर त्याखाली गाडली जाते, अर्धा रविवार त्यात गेला. आणि पुट यशस्वी म्हणजे सेव्ह झालं असं नाही हं, कम्प्लीट आल्याशिवाय स्क्रीनवर हिरवी टिक दाखवू नका.

दोष इंडेक्स्डडीबीच्या एपीआयला तरी किती देणार, त्याचं पहिलं स्टँडर्ड जानेवारी २०१५ मध्ये पक्कं झालं, प्रॉमिस भाषेच्या स्टँडर्डमध्ये त्याच जूनमध्ये आले आणि एसिंक-अवेट तर २०१७ मध्ये. लायब्ररीचं म्हणाल तर मी आयडीबीवरच आहे (इंडेक्स्डडीबी प्रॉमिसने वापरू देणारी लायब्ररी), लहानशी आहे आणि आत काय चाललंय ते झाकत नाही. पण हेही कबूल की डेक्सी असतं तर ते प्रीमॅच्युअरकमिटएरर असं नाव घेऊन ओरडलं असतं आणि माझे निदान दोन रविवार वाचले असते.

फोनवर मात्र नवीन लफडं. चारशे फोटो एकदम निवडले आणि टॅबच मेला. सगळे हॅश प्रॉमिस-ऑलमध्ये एकत्र सोडले होते, आणि डायजेस्टला तुकड्यातुकड्याने डेटा देता येत नाही, प्रत्येक फाइल पूर्ण मेमरीत घ्यावी लागते, मग चारशे फाइली एकाच वेळी आत. हॅशिंग वर्करमध्ये (पेजपासून वेगळा चालणारा कोड) हलवायचा बेत होता, तो तूर्तास बाजूला. आधी चार-चारच्या गटाने करून बघते, कदाचित वर्कर लागणारच नाही.