स्पॅनिशमधलं 'से' आणि आपलं उठणं-उठवणं

आजचा अख्खा तास 'से' लागणाऱ्या क्रियापदांवर गेला. पुस्तकं सांगतात, 'से' म्हणजे 'स्वतःला'. मग 'मे लेबान्तो'चा अर्थ 'मी स्वतःला उठवतो' होतो आणि डोक्यात गोंधळ. मराठीतून बघा, लख्ख दिसतं: लेबान्तार म्हणजे उठवणं, लेबान्तार्से म्हणजे उठणं. सेन्तार बसवणं, सेन्तार्से बसणं. आपण उठवण्यासाठी 'व' जोडतो, ते उठण्यासाठी 'से' जोडतात. उलटा प्रवास, एवढंच!

कर्ता बदलला की सर्वनामही बदलतं: मे (मी), ते (तू), से (तो/ती), नोस (आम्ही), ओस (तुम्ही), से (ते/त्या). 'नोसोत्रोस से लेबान्तामोस' (आम्ही उठतो) ही नेहमीची चूक; तिथे 'नोस'च हवं.

सर्वनामाची जागा? कर्त्याप्रमाणे चालवलेल्या क्रियापदाच्या आधी, किंवा मूळ रूपाला मागून चिकटवून: 'मे बोय आ दुचार' किंवा 'बोय आ दुचार्मे', दोन्ही 'मी अंघोळ करणार आहे'. मध्ये, 'आ'नंतर सुटं, कधीच नाही.

'मे लाबो मिस मानोस' (मी 'माझे' हात धुतो) हे इंग्रजीच्या सवयीने येतं. बरोबर 'लास मानोस', नुसतं 'हात'. मराठीत तरी 'माझे हात धुतो' कुठे म्हणतो आपण?

आणि माझं सगळ्यात लाडकं: 'बोय' म्हणजे जातो, 'मे बोय' म्हणजे निघतो.