पहिला मुक्काम : आमच्याच फाटकाबाहेर

कोकणात नऊ दिवस हिंडून आलो. गणपतीपुळे, पावस, विजयदुर्ग, तारकर्ली. मासे ताजे होते, समुद्र जागच्या जागी होता. कोकणावर लिहिणारे शेकड्यानं आहेत, त्यात माझी भर नको. मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका रात्रीबद्दल. ती आम्ही विलेपार्ले पूर्वेला काढली. म्हणजे गेली २६ वर्षं जिथे राहतो तिथेच, फक्त फाटकाच्या बाहेर.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी विपश्यनेला गेल्या, नाहीतर नातवंडं सांभाळायला अमेरिकेला. मी बावीस फुटी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. नवी नव्हे. पुण्यातल्या एका गृहस्थांनी आत पलंग, ओटा, संडास, छपरावर एसी असा सगळा संसार बसवून घेतलेली आणि पाच वर्षं वापरलेली. नवरा म्हणाला, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, आता या वयात विंचू होऊन बघू." तेव्हापासून गाडीचं नाव बिऱ्हाड.

मी अभ्यास केला होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही. आरसीवर वाहनाचा प्रकार 'मोटर कॅरॅव्हॅन' असा आहे ना, ते पाहिलं. (पुष्कळ गाड्या आतून घर आणि कागदावर मिनीबसच असतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला हे चालत नाही, आणि अपघात झाला की विमावाले पहिलं तेच शोधतात.) लायसन्सची चौकशी केली. एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं "मॅडम, हेवी काढावं लागेल" म्हणून तोंडाला येईल तो आकडा सांगितला. लागत नाही. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर पुन्हा शिक्का मारला आहे. आमचं बिऱ्हाड पाणी भरून, माणसं बसवूनही साडेचार टनांच्या आत राहतं. हे सगळं मला पाठ होतं. न्यायालयाचा निकाल पाठ होता, पण आपल्या सोसायटीची कमान पाठ नव्हती.

टेप घेऊन फाटक मोजलं होतं. रुंदी अकरा फूट. जांभळाच्या झाडाखालचा कोपरा मोजला, कमिटीची लेखी परवानगी घेतली, महिना दोन हजार कबूल केले. उंचीही विचारली होती हो. विकणाऱ्यानं कागद बघून सांगितली, आठ फूट आठ इंच. कमान नऊ फूट चार इंच. झालं की! पण कागदावर असते ती गाडी कंपनीतून निघाली तेव्हाची उंची. नंतर छपरावर बसवलेला एसी कागदाला कुठे माहीत असतो?

पुण्याहून मीच चालवत आणली. कार चालवणाऱ्याला वाटतं, हीसुद्धा कारच, जरा लांब. तसं नाही. वळताना पुढचं टोक निघून जातं आणि मागचं ढुंगण, दुसरा शब्द नाही, उलट्या बाजूला झुलतं. तळेगावच्या पंपावर माझ्या त्या झुलण्यातून हवेच्या मशीनचा नळकांडा वाचला तो देवाच्या दयेनं. घाटात उतरताना तिसऱ्या गियरवर, ब्रेकवर सारखा पाय न ठेवता, हे ठरवून आले होते आणि तसं केलंही. पण ओट्याखालच्या खणाची कडी लावायची राहिली. खंडाळ्याच्या एका वळणावर खण उघडला, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सुटला आणि गडगडत थेट माझ्या सीटमागे. मला वाटलं इंजिनच गेलं. आत बसलेला नवरा ओरडला, "काही नाही, चटणी आहे!" आणखी एक शिकले. पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलो, आणि ती अर्धी असली की पाणी आत डुचमळतं. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, पाणी क्षणभरानं थांबतं. नेली तर भरून न्यावी, नाहीतर रिकामी.

टोलवर अडकलो ते वेगळंच. एक्स्प्रेसवेवर कारला ३२० रुपये आणि मिनीबसला ४९५, आणि एका नाक्यावर बिऱ्हाड नेमकं कोण, यावर दोन माणसांत पाच मिनिटं चर्चा. एकानं खिडकीतून आत डोकावून पलंग पाहिला आणि दुसऱ्याला सांगितलं, "अरे, घर आहे." घराचा टोल त्यांच्याकडे लिहिलेला नव्हता. शेवटी ४९५ गेले.

वाशीचा पूल, चेंबूरचा जोडरस्ता, हायवे, आणि रात्री सव्वादहाला आमची गल्ली. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधे एक बिऱ्हाड जाईल एवढी वाट. नवरा खाली उतरून किन्नर झाला, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर. "येऊ दे, येऊ दे, सरळ ये." तो बघत होता उजवा आरसा, मी बघत होते डावा. वर कुणीच बघत नव्हतं.

ठक्क.

आवाज फार मोठा नव्हता. एसीचं पांढरं झाकण कमानीत अडकलं आणि सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवात बसवलेलं एक पितळी अक्षर सुटून बॉनेटवर पडलं. को-ऑपरेटिव्हमधला 'को'. नवऱ्यानं तो उचलला आणि काय करावं न सुचून खिशात घातला.

यापुढची वीस मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. आता मागे घ्यायची. मागे दोन रिक्षा, एक वॅगनार, त्यामागे आणखी कुणी हॉर्न वाजवतंय. मुंबईत एरवी पत्ता विचारला तरी माणूस घड्याळ बघतो, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की रस्त्यावरचा प्रत्येक जण कामधाम टाकून किन्नर होतो. रिक्षावाला म्हणतो उजवीकडे कापा. दूध आणायला निघालेले एक गृहस्थ म्हणतात डावीकडे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून ओरडतायत, "चाकं सरळ करा आधी!" आणि ते एकटेच बरोबर होते, हे मला नंतर कळलं. नवरा सगळ्यांच्या मधोमध दोन्ही हात हवेत धरून उभा, जणू त्यालाच कुणी लुटतंय. शेवटी जेवण पोचवणाऱ्या एका पोरानं बाइक स्टँडवर लावली, पाठीवरची पिशवी काढून नवऱ्याच्या हातात दिली, आणि मला म्हणाला, "आंटी, फक्त माझ्याकडे बघा. बाकी कुणाचं ऐकू नका." बोटांच्या चार खुणांत त्यानं गाडी बाहेर काढली. त्याला पैसे देऊ केले तर म्हणाला, "ऑर्डर लेट झाली, त्यांना तुम्हीच समजावा," आणि खरोखर फोन माझ्या कानाला लावला. मी एका अनोळखी बाईची बिर्याणी थंड झाल्याबद्दल माफी मागितली.

बिऱ्हाड कुठे लावायचं हे मामांनी ठरवलं. मामा म्हणजे आमचे रात्रपाळीचे वॉचमन, राजापूरकडचे, अकरा वर्षं त्याच खुर्चीवर. "वैनी, त्या बंद दुकानांम्होरं लावा. सकाळी सातपर्यंत कोण येत नाय. दुधाचा टेम्पो साडेचारला, तो पलीकडं थांबतो." घर वीस पावलांवर होतं. वर जाऊन झोपता आलं असतं. पण छपराला तडा, दार नीट लागतंय का ते माहीत नाही, आत आयुष्यभराची शिल्लक ओतलेली. मी म्हटलं, मी इथेच झोपते. नवरा म्हणाला, मग मीही. २६ वर्षांच्या घरासमोर आम्ही पहिला मुक्काम टाकला.

२०२१ मध्ये राज्यानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. वीज, पाणी, मैला सोडायची सोय असलेली जागा, असं बरंच काही मी त्यावेळी वाचलं होतं. पार्ल्यात यातलं एकच होतं, मामांच्या केबिनमधला प्लग. तिथून वायर ओढली, एसी लावला. एसी एकटा कदाचित चालला असता, पण गाडीचा चार्जर त्याच वेळी रिकाम्या बॅटरीत वीज ओढत होता आणि केबिनचा प्लग बिचारा पंखा आणि मोबाइलपुरता. साडेबाराला खटका पडला. जिन्यातले दिवे गेले. मामांनी बॅटरीच्या उजेडात खटका वर केला, मी मुकाट्यानं एसी बंद केला, प्रकरण मिटलं असं आम्हाला वाटलं.

झोप कुठली! आमच्या डोक्यावरून विमानं जातात हे मला लग्नापासून माहीत आहे, घरात आता ऐकूही येत नाहीत. पत्र्याखाली झोपलं की प्रत्येक विमान आपल्यावरच उतरतंय असं वाटतं. तीनच्या सुमारास मी उठून दार उघडलं. मामा खुर्चीवर, पायावर चादर. म्हणाले, "आता डास कमी होतील. दोन ते तीन त्यांचा जोर असतो." मग त्यांनी मला माझ्याच गल्लीची माहिती दिली. कुठला कुत्रा कुठल्या फाटकाचा. पलीकडच्या इमारतीतला मुलगा रोज अडीचला येतो, चप्पल हातात घेऊन. टँकर आत का येत नाही आणि बाहेरून पाइप का सोडतो. कमानीमुळे, दुसरं काय! कितीतरी उन्हाळे तो टँकर मी गॅलरीतून पाहिला होता. मी गाडीतल्या शेगडीवर चहा केला. बिऱ्हाडातला पहिला चहा. बोटाच्या पेराएवढं आलं किसलं, दूध पुण्याचं. मामांनी तो बाहेरच उभं राहून घेतला. आत या म्हटलं तर चपला काढल्या, पायरीवर एक पाय ठेवला, मान आत घालून सगळं बघितलं आणि म्हणाले, "गावच्या घरात एवढं कपाट नाय." मग परत खुर्चीवर. ते बोलणं मला लागलं, का ते अजून नीट सांगता येत नाही. अकरा वर्षांत त्यांना कधी 'वर या' म्हटल्याचं मला आठवेना, म्हणूनही असेल.

सात वाजता ओरडा झाला. इमारतीत पाणी नाही. पंपाचा टायमर जिन्यातल्या त्याच बोर्डावर, त्यातला सेल कधीचा गेलेला. वीज गेली की तो बारावर जाऊन बसतो आणि पुन्हा वेळ लावेपर्यंत हलत नाही. आमच्या एसीनं त्याचे अक्षरशः बारा वाजवले होते, त्यामुळे पहाटे पंप चालूच झाला नाही, गच्चीतली टाकी कोरडी. सेक्रेटरी गाऊनवर ओढणी घेऊन खाली आल्या. मी गुन्हा कबूल केला. मग बिऱ्हाडाच्या मागचा बाहेरचा नळ आठवला. पुण्याहून भरून आणलेलं पाणी त्यात होतंच. आधी सेक्रेटरीबाईंचाच तांब्या भरला. मग तळमजल्यावरच्या आजी कळशी घेऊन आल्या, मग ते 'चाकं सरळ करा'वाले आजोबा बादली घेऊन. रांगेत उभं राहून त्यांनी मला पुन्हा चाकं समजावली. अर्ध्या तासात पंप चालू झाला, तोवर माझी टाकी संपली. ओट्याच्या सांडपाण्याची तोटी मी उघडीच ठेवली होती, त्याचा ओघळ रस्त्याभर. शाळेच्या बसवाला थांबून सांगून गेला, "ताई, रेडिएटर गळतोय."

संडासाची टाकी वर नेऊन रिकामी करण्याबद्दल एवढंच लिहिते की ती सुटकेसएवढी असते, भरली की वीस किलोच्या आसपास, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात तीन जण भेटले. तिघांनी विचारलं, "काय, निघालात वाटतं?"

निघालो. दुपारी. एसीच्या झाकणाला चिकटपट्टी लावून.

आता बिऱ्हाड बदलापूरला असतं, नणंदेच्या ओळखीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, महिना तीन हजार. दर दुसऱ्या रविवारी दादरला गाडी बदलून लोकलनं जायचं, वीस मिनिटं इंजिन चालवायचं, चाकांची हवा बघायची, चहा करून प्यायचा, परत यायचं. फिरायला घेतलेल्या गाडीला भेटायला आम्ही फिरतो. कमान काढावी की नाही हा विषय सर्वसाधारण सभेत आहे. आजोबांनी अग्निशमन दलाची गाडी कशी येणार, असा मुद्दा काढलाय, त्यामुळे आमची बाजू जड आहे. 'को' अजून नवऱ्याच्या टेबलाच्या खणात आहे.

पुढच्या महिन्यात भंडारदऱ्याला निघायचंय, सामान भरायला आदल्या रात्री गाडी इथे आणावी लागेल. मामांना विचारलं. ते म्हणाले, दुकानांसमोरची जागा दहा वाजल्यापासून आपली बाइक आडवी लावून धरतो. फक्त एसी लावायचा नाही.